आठ मृत्यूंची नोंद

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या कलमांचे गाव म्हणून सर्वदूर परिचित आहे. अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातील या गावच्या रोपवाटिकांतून जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमे बाहेरच्या राज्यांतही रवाना होतात. भूजल खोल गेलेल्या या पट्ट्यात पाण्याचे मोल प्रत्येक बागायतदार जाणतो. बागेतली पाइपलाइन फुटली, तर तो फुटलेल्या जागी चिखल थापत बसत नाही. आधी मोटार बंद करतो, नाहीतर मागचा कॉक फिरवतो. पाण्याचा लोंढा थांबला की चीर कुठे आहे ते दिसते आणि चीर दिसली की सांधा घालता येतो.

हेच साधे तत्त्व फाटलेल्या यकृताला लागू करणारा शल्यविशारद शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात होऊन गेला. जेम्स हॉगार्थ प्रिंगल हे त्यांचे नाव. शल्यचिकित्सा शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ते असते. पोटाला मार लागून यकृत फुटलेला रुग्ण टेबलावर घेतला जातो तेव्हा रक्ताचा लोंढा आवरण्यासाठी जी कृती केली जाते, ती नागपुरात काय किंवा न्यूयॉर्कमध्ये काय, प्रिंगल यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र ज्या आठ रुग्णांच्या निमित्ताने ही कृती वैद्यकविश्वापुढे आली, त्यांपैकी एकही वाचला नव्हता. नावाच्या प्रसिद्धीत ही गोष्ट बहुधा झाकली जाते. प्रिंगल यांचे मोठेपण मात्र त्या आठ मृत्यूंच्या नोंदीतच आहे.

लिस्टर यांचा वारसा

प्रिंगल यांचा जन्म २६ जानेवारी १८६३ रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये, सिडनीनजीकच्या पॅरामाटा येथे झाला. वडील जॉर्ज हॉगार्थ प्रिंगल हे मूळचे स्कॉटलंडचे शल्यविशारद. एडिंबरोत त्यांना जोसेफ लिस्टर यांचा सहवास लाभला होता. जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून कार्बोलिक आम्लाचा वापर करण्याची पद्धत लिस्टर यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध केली. हजारो मैलांवरच्या पॅरामाटात तिचा वापर करणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांत थोरले प्रिंगल होते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी रुग्ण जखम सडून दगावतो, हे त्या काळाचे रोजचे वास्तव होते. घरात वैद्यकी, आणि तीही नव्या विचाराची, असे संस्कार धाकट्या जेम्स यांच्यावर लहानपणीच झाले.

पुढे वडिलांच्याच वाटेने ते स्कॉटलंडला गेले आणि १८८५ मध्ये एडिंबरो विद्यापीठाचे वैद्यकीय पदवीधर झाले. त्या काळी शल्यचिकित्सेत जर्मन भाषिक देशांचा दबदबा होता. तरुण डॉक्टर पदवीनंतर तिकडची रुग्णालये पाहायला जात. प्रिंगल हेही बर्लिन, हॅम्बुर्ग आणि व्हिएन्ना येथे जाऊन आले. १८९२ मध्ये त्यांना इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप मिळाली. कर्मभूमी म्हणून मात्र त्यांनी ग्लासगोची निवड केली.

ही निवड अर्थपूर्ण होती. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयातच १२ ऑगस्ट १८६५ रोजी लिस्टर यांनी आपल्या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग केला होता. गाडीचे चाक पायावरून जाऊन हाड बाहेर आलेला अकरा वर्षांचा जेम्स ग्रीनलीस हा मुलगा तेव्हा पाय न कापता बरा झाला. लिस्टर यांचे शिष्य विल्यम मॅक्युएन हे त्याच रुग्णालयातून नावारूपाला आले. कवटी उघडून मेंदूलगतची गाठ काढण्याचे धाडस त्यांनी १८७९ मध्येच केले होते. अशा मॅक्युएन यांच्या हाताखाली प्रिंगल घडले. १८९६ मध्ये ते रॉयल इन्फर्मरीत शल्यविशारद म्हणून रुजू झाले आणि १९२३ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, तेथेच राहिले.

तत्कालीन ग्लासगो हे जहाजबांधणीचे आणि अवजड उद्योगांचे शहर होते. क्लाइड नदीच्या काठी गोद्यांची रांग, शहरभर कारखाने, रेल्वेचे यार्ड आणि रस्त्यांवर घोड्यांच्या जड गाड्या. उंचावरून पडलेले, यंत्रात सापडलेले, गाडीखाली आलेले मजूर इन्फर्मरीच्या दारात आणले जात. बाहेरून फारशी जखम न दिसणारे आणि तरीही तासाभरात पांढरेफटक पडणारे रुग्ण त्यांत असत. त्यांच्या पोटात काय घडते आहे, या प्रश्नाने प्रिंगल यांचा पिच्छा पुरवला.

नाजूक आणि रक्ताने भरलेले

यकृत हा माणसाच्या शरीराच्या आतला सर्वांत मोठा अवयव. प्रौढ माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांच्या आड ते सुरक्षित आहे असे वाटते. प्रत्यक्षात जोराचा आघात झाला की त्याच बरगड्यांचा दाब त्यावर येतो, आणि त्याचा लुसलुशीत गाभा पिकल्या फळासारखा उकलतो. यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. साऱ्या शरीरात मिळून पाच लिटरच्या आसपास रक्त असताना या अवयवाला मोठी चीर पडणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी.

हे रक्त दोन वाटांनी आत येते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेले यकृताच्या रोहिणीतून. या दोन्ही वाहिन्या आणि यकृतातून बाहेर पडणारी पित्तनलिका एकाच आवरणात गुंडाळलेल्या असतात. इंग्लंडच्या फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५४ मध्ये यकृताच्या रचनेवरील ग्रंथात त्याचे वर्णन करून ठेवले होते. तिघींचा हा जुडगा जठर आणि यकृत यांच्यामधल्या पडद्याच्या काठावरून जातो. त्याच्या मागे बोट जाईल एवढी मोकळी जागा असते. प्रिंगल यांच्या युक्तीचे सारे रहस्य या जागेत होते. शरीररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती ठाऊक होती, पण तिचा असा उपयोग कोणाच्या मनात रुजला नव्हता.

त्या काळी यकृताच्या जखमेपुढे वैद्यकशास्त्र किती हतबल होते, हे फ्रान्समधील एका घटनेने जगाला दाखवले होते. २४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑन शहरात सुऱ्याने हल्ला झाला. सुरा यकृतात घुसला आणि पोर्टल शीर कापली गेली. शहरातले नामवंत शल्यविशारद धावून आले, पण फाटलेली मोठी रक्तवाहिनी शिवण्याची खात्रीची पद्धत कोणाकडेच नव्हती. मध्यरात्रीनंतर कार्नो यांनी प्राण सोडला. त्याच शहरात वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या अलेक्सिस कॅरेल या तरुणाच्या मनाला ही घटना लागून राहिली. रक्तवाहिन्या जोडण्याची त्याने पुढे सिद्ध केलेली पद्धत त्याला १९१२ चे नोबेल पारितोषिक देऊन गेली. प्रिंगल यांची वाट वेगळी होती. वाहिनी शिवण्याआधी हात घालण्यापुरता उसंत कसा मिळवायचा, हा त्यांचा प्रश्न होता.

चिमूटभर उपाय

रुग्णाचे पोट उघडले की साचलेले रक्त उसळून वर येते. टिपून काढावे तर तेवढेच पुन्हा भरते. चीर नेमकी कुठे आहे ते दिसत नाही. अंदाजाने टाका घालावा तर मऊ यकृतातून दोरा कापत निघतो. अशा वेळी प्रिंगल यांनी यकृताकडे जाणारा तो वाहिन्यांचा जुडगा अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दाबून धरण्याचा मार्ग अवलंबला. चिमूट बसली आणि रक्त थांबले. फाटलेला भाग डोळ्यांपुढे स्वच्छ आला. टाके घालायला, गॉज भरायला हाताशी काही मिनिटे मिळाली.

हा अनुभव त्यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी या मासिकात मांडला. लेख मोठा नव्हता. त्यात यकृताला इजा झालेल्या आठ रुग्णांची हकिगत होती. तिघे शस्त्रक्रियेची वेळ येण्याआधीच दगावले. एकाने शस्त्रक्रियेला नकार दिला आणि तोही गेला. उरलेल्या चौघांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी दोघांनी टेबलावरच प्राण सोडला आणि दोघे त्यानंतर थोड्याच अवधीत गेले. आठांपैकी आठ मृत्यू, असा तो हिशेब होता. त्याला जोडून तीन सशांवरील प्रयोगांची नोंद होती. सशांच्या यकृताकडे जाणारा प्रवाह काही काळ रोखला गेला आणि तिन्ही ससे जगले. माणसांच्या बाबतीत हाती काही न लागलेल्या डॉक्टरकडे आशेला जागा म्हणून एवढाच पुरावा होता.

असा लेख प्रसिद्ध करणे सोपे नव्हते. शल्यविशारदाची कीर्ती तेव्हाही बरे झालेल्या रुग्णांवरच उभी राहत असे आणि मासिकांत यशाच्या कहाण्यांची गर्दी असे. प्रिंगल यांना हे आठ मृत्यू इन्फर्मरीच्या नोंदवहीत मिटून ठेवता आले असते. यश येईपर्यंत आणखी काही वर्षे थांबता आले असते. त्यांनी तसे केले नाही. रुग्ण का गेले आणि त्यांच्यात रक्तस्राव थांबवणे कुठपर्यंत साधले, या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या करून पाहिल्या. रुग्ण गेले ते प्रामुख्याने आधीच फार रक्त वाहून गेल्यामुळे. चिमटीने रक्त थांबले होते, ही वस्तुस्थिती त्यामुळे खोटी ठरत नव्हती. अपयशाच्या ढिगाऱ्यातून एवढा एक खरा कण वेचून दुसऱ्यांच्या हाती देणे, हे त्या लेखाचे काम होते.

रुग्ण का वाचले नाहीत, हे आज अधिक स्पष्टपणे सांगता येते. रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी नुकताच, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लावला होता, पण रुग्णालयात बाटलीतून रक्त चढवण्याची सोय अस्तित्वात नव्हती. रक्त गोठू न देता साठवण्याची सायट्रेटची पद्धत १९१४ नंतर आली. पेनिसिलिन तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. चिमटीने पुढचे रक्त थांबत होते, पण गेलेले रक्त परत देता येत नव्हते. प्रिंगल यांच्या उत्तराचा अर्धा भाग तयार होता. उरलेला अर्धा भाग यायला आणखी काही वर्षे लागायची होती.

त्याच वर्षीचे दुसरे पान

१९०८ हे वर्ष प्रिंगल यांच्या आयुष्यात आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे ठरले. मेलेनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगावर त्यांनी त्याच वर्षी लेखन केले. मूळ गाठ, त्या भागातील लसिका ग्रंथी आणि या दोहोंना जोडणारा ऊतीचा पट्टा, हे सारे एकसंध काढून टाकावे, असा त्यांचा आग्रह होता. रोग मधल्या वाटेत लपून राहू नये, हा त्यामागचा विचार. ही शस्त्रक्रिया झालेल्या त्यांच्या दोन रुग्णांपैकी एक तीस वर्षांनी आणि दुसरा अडतीस वर्षांनीही हयात होता. त्याची नोंद त्यांनी १९३७ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, लॅन्सेट या नियतकालिकात केली. निवृत्त होऊन चौदा वर्षे लोटल्यावरही जुन्या रुग्णांचा माग ठेवणारा हा माणूस होता. गेलेल्यांची नोंद त्याने जितक्या काटेकोरपणे केली, तितक्याच काटेकोरपणे जगलेल्यांचीही केली.

१९१३ मध्ये त्यांनी दोन रुग्णांवरील आगळ्या शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली. रोहिणीचा फुगलेला, फुटण्याच्या बेतात असलेला भाग काढून त्यांनी त्या जागी रुग्णाचीच शीर जोडली होती. ब्रिटनमध्ये असा प्रयत्न करणाऱ्या अगदी पहिल्या मोजक्या शल्यविशारदांत त्यांची गणना होते. कटीच्या हाडासह संपूर्ण पाय काढण्याच्या अवघड शस्त्रक्रियेतही त्यांनी दीर्घकाळ काम केले. मात्र इतके विषय हाताळूनही नाव चिरंतन झाले ते त्या आठ मृत्यूंच्या लेखामुळे.

चिमूट किती वेळ?

प्रिंगल यांच्या युक्तीबाबत एक धास्ती सुरुवातीपासून होती. यकृताला रक्तच मिळाले नाही तर ते मरेल आणि आतड्यांकडचे रक्त मागे तुंबेल. प्राण्यांवरील जुन्या प्रयोगांत पोर्टल शीर बांधल्यावर प्राणी लवकर मरत, हे माहीत होते. त्यामुळे चिमूट धरावी, पण सोडावी केव्हा, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांपुढे राहिला. माणसाचे यकृत समजुतीपेक्षा बरेच सोशिक आहे, हे अनुभवाने हळूहळू कळत गेले. आज शस्त्रक्रिया करताना सामान्यतः पंधरा मिनिटे प्रवाह रोखायचा, पाच मिनिटे मोकळा सोडायचा आणि गरज पडल्यास पुन्हा रोखायचा, अशी पद्धत रूढ आहे. बोटांची जागा आता फीत किंवा मऊ चिमटा घेतो. यकृतातील गाठ काढण्याच्या नियोजित शस्त्रक्रियांतही हाच मार्ग वापरला जातो. अपघाताच्या टेबलावर सुचलेली युक्ती अशा रीतीने कर्करोगाच्या रुग्णांच्याही कामी आली.

या चिमटीचा आणखी एक उपयोग पुढे ध्यानात आला. ती निदानही करते. चिमूट बसवूनही रक्त वाहतच राहिले, तर जखम आत येणाऱ्या वाहिन्यांची नसून यकृताच्या मागच्या बाजूने हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरांची आहे, असा तर्क करता येतो. ही सर्वांत जीवघेणी इजा. अशा वेळी सांधत बसण्याऐवजी यकृताभोवती गॉज दाबून भरायचा, पोट तात्पुरते झाकायचे, रुग्णाला अतिदक्षता विभागात ऊब आणि रक्त द्यायचे आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा आत पाहायचे, हे धोरण १९८० आणि १९९० च्या दशकांत प्रस्थापित झाले. युद्धांतील आकडेही बदलत्या काळाची साक्ष देतात. पहिल्या महायुद्धात यकृताला जखम झालेल्या सैनिकांपैकी सुमारे दोन तृतीयांश दगावत. दुसऱ्या महायुद्धात हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास आले. जलद वाहतूक, रक्त, प्रतिजैविके आणि लवकर शस्त्रक्रिया यांचा तो एकत्रित परिणाम होता.

सुरीविना उपचार

प्रिंगल यांच्यापाशी निदानासाठी होते ते हात, डोळे आणि नाडी. पोटाचा ताठरपणा, वाढती नाडी, चेहऱ्यावरचा फिकटपणा यांवरून पोट उघडायचे की नाही, हे त्यांना ठरवावे लागे. १९६५ मध्ये पोटात नळी घालून, द्रव सोडून रक्त आहे का ते पाहण्याची पद्धत आली. त्यानंतर सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन यांनी चित्रच पालटले. आज अपघाती रुग्ण येताच काही मिनिटांत सोनोग्राफीने पोटात रक्त साचले आहे का ते कळते. रक्तदाब आणि नाडी स्थिर असतील तर सीटी स्कॅनमध्ये चिरेची खोली दिसते आणि रक्त अजून झिरपते आहे की थांबले, तेही दिसते. त्यानुसार इजेची प्रत ठरवली जाते.

याचा परिणाम प्रिंगल यांनाही आश्चर्यात टाकणारा आहे. बोथट माराने यकृताला इजा झालेल्या आणि प्रकृती स्थिर असलेल्या बहुसंख्य रुग्णांवर आता शस्त्रक्रिया करावीच लागत नाही. यकृताची स्वतःहून सांधण्याची शक्ती मोठी आहे. अतिदक्षता विभागातील सक्त देखरेख, वारंवार तपासणी आणि विश्रांती यांवर ते बरे होते. रक्त झिरपत असेल तर मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन नेमकी तीच फांदी आतून बंद करता येते. पाइपलाइनचा मुख्य कॉक न फिरवता फक्त गळणारी ओळ बंद करण्यासारखेच हे झाले. प्रकृती ढासळती असेल मात्र स्कॅनसाठी वेळ दवडता येत नाही. अशा रुग्णाला थेट टेबलावरच घ्यावे लागते आणि तेथे प्रिंगल यांची चिमूट आजही वाट पाहत असते.

रक्त थांबले म्हणजे धोका संपला, असे मात्र नाही. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. चिरेत पित्तनलिकेची एखादी फांदी तुटली असेल, तर पित्त पोटात झिरपत राहते. त्याची लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात. ताप, पोटफुगी, दुखणे, भूक मंदावणे, कधी कावीळ. तुटलेली रक्तवाहिनी आणि पित्तनलिका आतल्या आत जोडल्या गेल्या तर रक्त पित्ताच्या वाटेने आतड्यात उतरते. उजव्या कुशीत कळ, कावीळ आणि रक्ताची उलटी किंवा काळी शौच हे त्रिकूट त्याचे निदर्शक. अपघाताच्या संदर्भात या विकाराचे नेमके वर्णन स्वीडनच्या फिलिप सँडब्लूम यांनी १९४८ मध्ये केले. आज पित्ताची गळती बहुतेक वेळा पोट न उघडता आटोक्यात आणता येते. साचलेले पित्त सोनोग्राफीच्या मदतीने बारीक नळी घालून बाहेर काढतात आणि तोंडावाटे दुर्बीण नेऊन पित्तनलिकेत स्टेंट बसवतात. पित्ताला सोपी वाट मिळाली की गळणारे छिद्र आपोआप बुजते. यकृताबाहेरची मुख्य पित्तनलिका पूर्ण तुटली असेल तर मात्र आतड्याची वळी वर आणून तिला जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया अनुभवी हातांनीच करावी लागते. बोथट मारात अशी इजा विरळाच, आणि म्हणूनच ती नजरेतून निसटण्याचा संभव अधिक.

अखेरचा अध्याय

१९२३ मध्ये रॉयल इन्फर्मरीतून निवृत्त झाल्यावर प्रिंगल यांनी आयुष्याची संध्याकाळ स्कॉटलंडमध्येच घालवली. ग्लासगोच्या उत्तरेकडील किलर्न या खेड्यात १९४१ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये क्लाइडकाठच्या वस्त्यांवर जर्मन विमानांनी बॉम्बवर्षाव केला होता. जखमींना रक्त चढवण्याची सोय तोवर रुग्णालयांत रुळली होती. १९०८ मध्ये प्रिंगल यांच्या हाताशी नसलेला उत्तराचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या हयातीतच जगाला मिळाला होता.

त्यांच्या त्या आठ रुग्णांची गोष्ट वऱ्हाडापासून वाटते तितकी दूरची नाही. गोदीच्या जागी येथे संत्र्याची बाग आणि घोडागाडीच्या जागी मोटारसायकल आहे. ट्रॅक्टर उलटतो, तोडणीच्या वेळी शिडीवरून पाय घसरतो, बैल ढुशी मारतो, सायकलची मूठ मुलाच्या पोटात घुसते. बाहेर रक्ताचा थेंब नसतो. मुका मार म्हणून हळदीचा लेप लागतो, आणि थोडे दुखते पण बरे आहे, असे म्हणत रात्र काढली जाते. उजव्या बरगडीखाली दुखणे, उजव्या खांद्यात कळ, घशाला कोरड, घाम आणि वाढती नाडी या खुणा त्या वेळीच बोलत असतात. पहिल्या काही तासांत रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन उतरलेले दिसेलच असे नाही. म्हणून एका तपासणीवर निर्धास्त होणे धोक्याचे असते. शेंदूरजनाघाटहून अमरावती असो की नागपूर, सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि शल्यविशारद एकाच छताखाली असलेल्या मोठ्या रुग्णालयाची वाट लांबचीच आहे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ती वेळेवर बोलावणे हे उपचाराचे पहिले पाऊल ठरते. आणि बरा होऊन घरी परतलेल्या रुग्णाला पुढच्या काही आठवड्यांत ताप, कावीळ किंवा काळी शौच झाली, तर ते साधे आजारपण समजून गावातच अंगावर काढण्यासारखे नसते.

प्रिंगल यांच्या आठांपैकी तिघे शस्त्रक्रियेआधीच गेले आणि एकाने ती नाकारली. म्हणजे निम्म्या रुग्णांपर्यंत त्यांची बोटे पोहोचूच शकली नाहीत. पुढच्या शंभर वर्षांत वैद्यकशास्त्राने रक्त दिले, प्रतिमा दिल्या, दुर्बिणी दिल्या. त्या निम्म्या रुग्णांच्या वाट्याला आलेला उशीर मात्र कोणत्याही यंत्राने आपोआप कमी होत नाही. तो घरातून निघतानाच कमी करावा लागतो.